एल.एम.पी. ते सी.एच.ओ. : गावच्या दवाखान्याची दोनशे वर्षे

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार झाली, की आपल्या भागाला गणपतीचे वेध लागतात. गोटमारीच्या दिवशी नदीकाठी सरकारी शिबिरे लागतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. डोके फुटलेला माणूस तिथे आणला जातो. त्याची जखम धुऊन पट्टी बांधणारे हात पुष्कळदा डॉक्टरचे नसतात. ते ड्रेसरचे असतात, नाही तर नर्सबाईंचे. त्या घटकेला कोणी विचारत नाही, ‘तुमची डिग्री कोणती?’

पण एरवी आपण विचारतो. मागच्या वर्षी गणपतीच्या तयारीच्या बैठकीत आपल्या उपस्वास्थ्य केंद्राचा विषय निघाला. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “तिथे डॉक्टर कुठे आहे? मॅडम आहे. तिच्याकडे जाऊन काय करायचं? त्यापेक्षा नागपूर बरं.” बैठकीत बहुतेकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर मात्र ते वाक्य मनातून जाईना. डॉक्टर नसलेल्या, पण डॉक्टरचे काही काम शिकलेल्या माणसाने गावात उपचार करायचे, ही गोष्ट खरेच नवी आहे का? आणि असे उपचार कितपत चांगले असतात? त्यासाठी थोडा इतिहास चाळला. या वर्षीच्या स्मरणिकेसाठी तोच मांडतो आहे.

मराठीतून शिकलेले पहिले डॉक्टर

इंग्रजी वैद्यक आपल्या देशात शिकवले जाऊ लागले ते मुळात मदतनीस तयार करण्यासाठी. कलकत्त्याला १८२२ साली आणि मुंबईला १८२६ साली सरकारने देशी वैद्यकशाळा काढल्या. पलटणींना आणि सरकारी दवाखान्यांना गोऱ्या सर्जनच्या हाताखाली काम करणारी माणसे हवी होती. मुंबईची शाळा डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्याकडे होती आणि तिथले शिक्षण मराठी व गुजराती भाषांतून चाले. त्यासाठी त्यांनी वैद्यकाची पुस्तके देशी भाषेत उतरवून घेतली. ती शाळा १८३२ मध्ये बंद पडली. पुढे १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, तिथले शिक्षण इंग्रजीतून होते. पण इंग्रजीतून शिकलेले मोजके डॉक्टर खेड्यापर्यंत पुरणार नाहीत, हे लवकरच लक्षात आले. म्हणून १८६१ मध्ये त्याच कॉलेजात पुन्हा मराठी-गुजरातीचे वर्ग उघडावे लागले. पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल १८७८ मध्ये सुरू झाले, तेही याच गरजेतून.

या शाळांतून बाहेर पडणाऱ्यांना ‘हॉस्पिटल असिस्टंट’ म्हणत. पुढे त्याच हुद्द्याला ‘सब-असिस्टंट सर्जन’ असे भारदस्त नाव मिळाले. तालुक्याच्या दवाखान्याचा कारभार प्रत्यक्षात यांच्याच हातात असे. सिव्हिल सर्जन जिल्ह्याच्या गावी बसे आणि दौऱ्यावर आला की रजिस्टर तपासून जाई. देवीच्या लसीपासून पटकीच्या साथीपर्यंत आणि गळवापासून विंचवापर्यंत सगळे या असिस्टंटनेच पाहायचे. लोक त्याला ‘डॉक्टरसाहेब’च म्हणत.

आपला मुलूख त्या वेळी मध्यप्रांतात होता आणि राजधानी नागपूरला होती. नागपुरात १९१४ साली रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले. तिथे पदवी मिळत नसे, एल.एम.पी. ही पदविका मिळे. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची एल.सी.पी.एस. ही अशीच दुसरी पदविका होती. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी ‘एल.एम.पी. डॉक्टर’ हा शब्द असे तो यामुळे. वैदर्भी घरांत अजूनही कुठल्या तरी आत्याच्या किंवा मामाच्या सासऱ्यांची ओळख ‘ते एल.एम.पी. होते’ अशी सांगतात. या डॉक्टरांच्या हाताखाली कंपाउंडर असे. लाल मिक्श्चरची बाटली आणि तिच्यावर डोस दाखवणारी खाचा पाडलेली कागदाची पट्टी, एवढी आठवण साठी ओलांडलेल्या प्रत्येकाकडे असेल.

भोर समितीचा निर्णय

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ मध्ये आला. आज आपण ज्याला प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणतो, ती कल्पना याच अहवालातली. त्या वेळी देशात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते. त्यांपैकी पदवीधर सुमारे १७,६५० होते आणि उरलेले जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट, म्हणजे एल.एम.पी.सारखी पदविका घेतलेले होते.

समितीपुढे प्रश्न होता, हा छोटा अभ्यासक्रम चालू ठेवायचा की बंद करायचा. बहुमताने ठरले, बंद करायचा. देशात एकाच दर्जाचा ‘मूलभूत डॉक्टर’ असावा, तो पदवीधर असावा आणि खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर मिळू नये, असे त्यांचे म्हणणे होते. या भूमिकेत खोट काढणे सोपे नाही. शहराला एक माप आणि खेड्याला दुसरे माप नको, ही भावना उदात्तच होती. पण समितीतल्या सहा सदस्यांनी वेगळे मत नोंदवले. देशाला लागणारी डॉक्टरांची संख्या इतक्यात पदवीधरांमधून भरून निघणार नाही, तोवर लायसेन्शिएट राहू द्यावेत, असे त्यांनी लिहून ठेवले.

बहुमत टिकले. मेडिकल स्कुले एकेक करून कॉलेजे झाली. पुण्याचे बी. जे. १९४६ मध्ये कॉलेज झाले आणि नागपूरचे रॉबर्टसन १९४७ मध्ये. आज आपण ज्याला नुसते ‘मेडिकल’ म्हणतो ते हेच. ज्या संस्थेतून खेड्यांना एल.एम.पी. मिळत, तीच पदवीधर घडवू लागली. ही नागपूरसाठी प्रगती होती. पदवीधर मात्र खेड्यात जाऊन राहिले नाहीत. कारण सरळ होते : शाळा, घर, उत्पन्न आणि पुढचे शिक्षण हे सारे शहरात होते.

त्यानंतर आपल्यावर आणखी एक वेळ आली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टाही. ज्या शहरात आपले डॉक्टर शिकत, ते एका दिवसात दुसऱ्या राज्याचे झाले. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, छिंदवाड्याला, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय उघडायला २०१९ साल उजाडले. मधली ६३ वर्षे ताप वाढला की एकच उपाय होता : नागपूरची गाडी.

रिकामी जागा कोणी भरली?

रिकामी जागा रिकामी राहत नाही. कंपाउंडर, औषधांचे दुकानदार, कुठेतरी दोन वर्षे हाताखाली राहिलेली माणसे यांनी ती भरली. सुई आणि सलाईन हीच त्यांची विद्या. हिंदीत त्यांना ‘झोला छाप’ म्हणतात. त्यांतले काही रात्री-अपरात्री सायकलवरून येणारे, उधारी ठेवणारे, माणुसकीचे लोक होते, हेही खरे आहे.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझ्या वडिलांचे डोके वरचेवर दुखे. ते अशाच एकाकडे जात, सुई घेत आणि दोन दिवस बरे वाटे. असे अनेक वर्षे चालले. त्यांचा रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला तो नागपुरात, अर्धांगाचा झटका येऊन गेल्यानंतर. पुढची सहा वर्षे ते खाटेवर होते. सुई देणाऱ्यावर मी राग धरला नाही. त्याला रक्तदाब मोजायला कोणी शिकवलेच नव्हते आणि मोजला नाही म्हणून त्याला विचारणारेही कोणी नव्हते.

सरकारने या जागेवर दोनदा प्रयोग केला. २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशभर लोकस्वास्थ्य रक्षक योजना आली. हजार वस्तीमागे गावातलाच एक माणूस निवडायचा, तीन महिने शिकवायचे, महिना ५० रुपये मानधन आणि ५० रुपयांची औषधे द्यायची, अशी ती योजना होती. नंतर १९९५ मध्ये मध्य प्रदेश सरकारने ‘जन स्वास्थ्य रक्षक’ योजना काढली. गावातल्या शिकलेल्या तरुणाला सहा महिन्यांचे प्रशिक्षण, मग पगार नाही, रुग्णाकडून फी घेऊन त्याने आपले पोट भरायचे. या दुसऱ्या योजनेचे पुढे काय होणार, ते फीच्या अटीतच ठरले होते. ज्याचे पोट फीवर आहे, तो ‘पाणी उकळून प्या’ एवढे सांगून कसा जगेल? रुग्ण सुईचे पैसे देतो, सल्ल्याचे देत नाही. त्यामुळे यांतले बरेच जण सुई आणि सलाईनच्याच वाटेला लागले. मागे वळून तपासायला कोणी येत नव्हते आणि औषधे वेळेवर पोचत नव्हती.

‘कमी शिकलेल्या माणसाच्या हाती उपचार दिले की असेच होणार’ हा निष्कर्ष यातून काढणे सोपे आहे. पण त्याच काळात, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या भागात, नेमके उलटे घडत होते.

जामखेड आणि गडचिरोली

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. गावोगावच्या बायका, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित वस्तीतल्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवल्या. दर आठवड्याला या बायका जामखेडला येत, मागच्या आठवड्यात काय घडले ते सांगत आणि पुढचे शिकून जात. शिक्षण एकदा देऊन संपले, असे तिथे कधी मानले नाही. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ संस्था स्थापन केली. त्यांनी कामाबरोबर मोजमापही ठेवले, म्हणून त्यांचे आकडे आपल्या प्रश्नाला थेट उत्तर देतात. खेड्यात लहान मुले न्यूमोनियाने मरत. न्यूमोनिया ओळखायचा तर मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो ते मोजायचे. पण गावच्या सुईणीला साठपर्यंत आकडे येत नसत. मग त्यांनी मणी सरकवण्याचे आणि वाळूच्या घड्याळाचे एक साधे श्वासमापक बनवले. सुईणी, गावातले आरोग्यसेवक आणि संस्थेचे कार्यकर्ते यांनी त्यावरून न्यूमोनिया ओळखायचा आणि ठरलेले एकच औषध ठरलेल्या मात्रेत द्यायचे. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. उपचार झालेल्या ६१२ मुलांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तर तुलनेच्या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांत ते १३.५ टक्के होते.

पुढचे काम नवजात बाळांचे. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत बाई घरी जाऊन बाळ तपासू लागली. बाळाला ऊब देणे, वजन घेणे, जंतुदोष ओळखणे आणि गरज पडली तर इंजेक्शन देणे हे सारे ती करू लागली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. २०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. आपल्याकडे बाळंतिणीच्या घरी सहा-सात वेळा येणारी आशादीदी गडचिरोलीच्या त्या वाटेनेच आली आहे.

जन स्वास्थ्य रक्षकाच्या हातातही सुई होती आणि आरोग्यदूताच्या हातातही होती. फरक कशात होता? आरोग्यदूताचे काम ठरलेल्या चार-पाच आजारांपुरते होते. काय दिसले तर काय करायचे, ते लेखी होते. दर पंधरा दिवसांनी कोणीतरी येऊन नोंदवही तपासत होते. औषध संपत नव्हते. आणि जास्त सुया दिल्या म्हणून जास्त पैसे मिळत नव्हते.

छत्तीसगडचा धडा

आपल्याच जुन्या मध्य प्रदेशातून १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले. नव्या राज्यात डॉक्टरांचा तुटवडा भीषण होता. सरकारने २००१ मध्ये कायदा करून तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला, म्हणजे एक प्रकारे एल.एम.पी.च परत आणला. डॉक्टरांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. अभ्यासक्रमाची नावे बदलली, खटले झाले आणि काही वर्षांत प्रवेश बंद पडले. पण शिकून बाहेर पडलेल्यांना ‘ग्रामीण चिकित्सा सहायक’ म्हणून दूरच्या आरोग्य केंद्रांत नेमले गेले.

२०१० मध्ये संशोधकांनी यांची तुलना केली. एका बाजूला एम.बी.बी.एस. वैद्यकीय अधिकारी, दुसऱ्या बाजूला हे सहायक, शिवाय आयुष डॉक्टर आणि नर्स-कंपाउंडर वर्ग. मलेरिया, जुलाब, न्यूमोनिया, क्षय, मधुमेह, गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब अशा नेहमीच्या आजारांवर प्रश्न विचारले गेले. वैद्यकीय अधिकारी आणि तीन वर्षे शिकलेले सहायक बरोबरीचे निघाले. आयुष डॉक्टर त्यांच्या मागे होते आणि त्या कामाचे शिक्षणच न मिळालेला वर्ग सर्वांत मागे राहिला. म्हणजे शिक्षणाशिवाय भागत नाही, पण नेहमीच्या आजारांसाठी ते साडेपाच वर्षांचेच हवे असेही नाही.

साता समुद्रापार

परदेशात गेलेल्या आपल्या मुलांना ‘फिजिशियन असिस्टंट’ हा शब्द परिचित असेल. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये नौदलात वैद्यकीय मदतनीस राहिलेल्या चौघांना घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला. त्यांतले तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले. आज तिथे साध्या तपासणीला गेले तर पुष्कळदा हेच भेटतात. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतल्या ३,६८,४८१ मधुमेही रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचे नियंत्रण डॉक्टर, प्रगत परिचारिका आणि असिस्टंट या तिघांकडेही जवळपास सारखेच होते.

इंग्लंडचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. तिथे या लोकांना ‘असोसिएट’ म्हणू लागले आणि आपल्याला तपासणारा डॉक्टर नाही हे काही रुग्णांना कळलेच नाही. दुर्दैवी मृत्यू झाले, गदारोळ उठला. जुलै २०२५ मध्ये प्रा. जिलियन लेंग यांच्या अहवालाने सांगितले की नाव पुन्हा ‘असिस्टंट’ करा आणि निदान न झालेला नवा रुग्ण त्यांच्याकडे थेट पाठवू नका, तो ठरलेल्या नियमांतच पाठवा. अमेरिकेतले रुग्ण बहुतेक निदान झालेले होते आणि त्यांचे औषध ठरलेले होते. इंग्लंडमध्ये प्रश्न उभा राहिला तो ‘हे नेमके काय आहे’ हे ओळखण्याच्या पहिल्या पायरीवर. हा फरक आपणही लक्षात ठेवावा.

आपल्या दारातली मॅडम

२०१८ पासून उपस्वास्थ्य केंद्रांवर सी.एच.ओ., म्हणजे सामुदायिक स्वास्थ्य अधिकारी, नेमले जाऊ लागले. नर्सिंगची पदवी वा पदविका किंवा आयुर्वेदाची पदवी आणि त्यावर सहा महिन्यांचे खास प्रशिक्षण, असे त्यांचे शिक्षण आहे. केंद्रावर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी असते. २०१९ च्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यातही सामुदायिक आरोग्यसेवकाला मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. प्राथमिक उपचारांपुरती काही औषधे त्याने स्वतः द्यावीत, त्यापुढे डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करावे. त्यावरही डॉक्टर रस्त्यावर उतरले होते. भोर समितीतला वाद ७३ वर्षांनी पुन्हा तसाच झाला.

बैठकीतल्या त्या वाक्यानंतर मी मुद्दाम एका उपस्वास्थ्य केंद्रात जाऊन आलो, वहिनींना घेऊन. तिथल्या मॅडमने दोनदा रक्तदाब मोजला. तो वाढलेला निघाला. तिने लगेच गोळ्या दिल्या नाहीत, फोनवर डॉक्टरांशी बोलली आणि मग दिल्या. आता दर महिन्याला वहिनी चालत जातात, मोजून येतात. माघ महिन्यात त्यांना जिना चढताना धाप लागू लागली. मॅडमने स्पष्ट सांगितले, “काकू, हे माझ्याकडचं काम नाही. आजच मोठ्या दवाखान्यात जा.” चिठ्ठीवर मागच्या सहा महिन्यांचे आकडे लिहून दिले. नागपूरच्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी वाचूनच पुढच्या तपासण्या ठरवल्या.

माझ्या वडिलांना असे कोणी भेटले असते तर, हा विचार त्या दिवशी आला. तो मी इथे लांबवत नाही.

इतिहास वाचून माझे मत असे झाले आहे की डॉक्टरऐवजी असिस्टंट मिळाला म्हणजे आपण दुय्यम ठरलो, हे खरे नाही. आपण दुय्यम ठरतो ते त्या असिस्टंटच्या पाठीमागे कोणी नसते तेव्हा. म्हणून नागपूरची गाडी पकडण्याआधी आपल्या केंद्रात जाऊन या आणि चार गोष्टी विचारा. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या आहेत का? अडले तर मॅडम कोणत्या डॉक्टरशी बोलतात? मोठे डॉक्टर केंद्र तपासायला शेवटचे कधी आले होते? आणि रुग्ण वर पाठवायचा झाला तर वाहन कुठून येते? उत्तर समाधानकारक नसेल तर तक्रार मॅडमची करू नका. तिच्या वरच्यांना लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा. २०२३ पासून पांढुर्णा जिल्हा झाला आहे, विचारायचे ठिकाण आता छिंदवाड्याइतके दूर राहिलेले नाही.

यंदा मंडपात आरती झाल्यावर एक दिवस रक्तदाब आणि साखर तपासणी ठेवावी, असे मी मंडळाला सुचवले आहे. बाहेरून मोठे नाव बोलावण्यापेक्षा आपल्या केंद्रातल्या मॅडमनाच आणि आशादीदींनाच मानाने बोलवावे. तिथे चार लोकांची ओळख झाली तर पुढचे वर्षभर पाय आपोआप तिकडे वळतील. मागच्या बैठकीत मान डोलावणारे आपण सगळे त्या दिवशी रांगेत असू, अशी आशा आहे. मी तरी असेन.

गणपती बाप्पा मोरया!